वर्षाच्या आत हसले, ताई

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरची, वय ५४. हे जाऊन दहा महिने झाले. सकाळी चहा घेतला, अंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. हार्ट अटॅक. मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो, मुलगी पुण्यात. घरात मी आणि यांच्या मोठ्या बहीण, आक्का. दिवसकार्याला निपाणीहून आल्या त्या माझ्या सोबतीला राहिल्या. त्यांनाही मागं-पुढं कुणी नाही.

मुलानं मध्यंतरी फोनवर सांगितलं, आई, नेटफ्लिक्सवर 'आफ्टर लाइफ' म्हणून मालिका आहे, बघ. रिकी जर्व्हेस नावाच्या विनोदी नटाची आहे, बायको कॅन्सरनं गेलेल्या माणसाची गोष्ट. मी म्हटलं, मला ते इंग्रजी कुठलं कळायला? म्हणाला, खाली अक्षरं येतात. झोप लागत नव्हतीच. हेडफोन लावून रात्री बघायला लागले. पहिल्या भागात इतक्या शिव्या, की दोनदा बंद केली. पण यांच्या तोंडीही शिवी असायचीच, प्रेमानं हाक मारतानासुद्धा. ऐकता ऐकता घरातल्यासारखं वाटायला लागलं. तो माणूस लॅपटॉपवर बायकोचे व्हिडिओ बघत बसतो ना, तशी मी यांचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज ऐकते. रोज. "अगं ए, दही आणू का? फोन उचल की." अकरा सेकंदांचा आहे.

एका रात्री तो वाढदिवसाला पाच जणांकडून एकसारखंच कार्ड आलेला माणूस आला आणि ती पेपरात बातमी! मला इतकं हसू आलं, की उशी तोंडावर दाबली तरी आवाज बाहेर गेला. आक्का उठून दारात आल्या. हातात मोबाइल, त्यावर सिनेमा चाललेला आणि मी हसतेय. तेव्हा काही बोलल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, "माझ्या भावाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय." तेवढंच. तेव्हापासून स्वतःचा चहासुद्धा वेगळा करून घेतात.

मुलीला सांगितलं. तिनं दोन भाग बघितले आणि म्हणाली, हा माणूस स्वार्थी आहे, दुःखाच्या नावाखाली सगळ्यांना छळतो, तू कशी बघतेस हे? मुलगा म्हणतो, मालिका भारीच आहे, पण बाबांचे मेसेज ऐकणं बंद कर, तू अजून डिनायलमध्ये आहेस. शेजारणीला लावून दिली तर ती पहिल्याच भागात उठली, म्हणाली, आमच्या यांची आठवण येते, नको. एक मालिका आणि माणसागणिक वेगळं तोंड.

मी हसले ते चुकलं का? आक्कांना काय सांगू? मेसेज ऐकणं सोडू का? तिन्ही सीझन बघून संपले, आता रात्री रिकाम्या जातात. कधीकधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.

तुमची एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

शेवटची ओळ आधी घेते. वाण्याच्या यादीत तळाला कुणी 'आणि काडेपेटी' लिहावं, तशी तुम्ही ती पत्राच्या तळाला लिहून टाकलीय. सकाळ झालीच नाही तर बरं, असं जोडीदार गेलेल्या पुष्कळ जणांना वाटतं. मला येणाऱ्या पत्रांत ही ओळ नवी नाही. बहुतेक वेळा ते थकलेल्या जिवाचं बोलणं असतं. पण 'झाली नाही तर बरं' आणि 'होऊ द्यायची नाही' यांत फरक आहे, आणि तो मला इथं बसून दिसत नाही. तुमचं तुम्हालाच विचारून बघावं लागेल. कसं करायचं, कधी करायचं असले विचार यायला लागले असतील, तर हे उत्तर इथंच बाजूला ठेवा, आक्कांना उठवा आणि १४४१६ वर फोन लावा. 'टेली मानस' ही केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, रात्री तीनलाही फोन उचलतात, आणि मराठीत बोलता येतं. तसले विचार नसले, तरीही लावा. रात्र सरत नाही, एवढं कारण पुरे आहे. आणि पत्रातली ती ओळ दोन्ही मुलांना जशीच्या तशी वाचून दाखवा. मालिका कशी आहे यावर ती दोघं तुमच्याशी इतकं बोलली, पण ही ओळ त्यांना ठाऊक नसावी असा माझा अंदाज आहे.

मालिकेतला तो मानसोपचारतज्ज्ञ बघून तुम्हाला 'असल्यांकडे नकोच' असं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही. समोरच्याचं ऐकण्यापेक्षा स्वतःचंच पुराण लावणारा इतका वाह्यात माणूस त्या खुर्चीत बसवलाय तो हसवण्यासाठी. खरे तसे नसतात.

आता हसण्याचं. नाही चुकलं.

नुसतं एवढं म्हणून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून आमच्या घरचं सांगते. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला नदीच्या घाटावर आम्ही तीसेक माणसं उभी होतो. पिंड मांडलेला, कावळा समोर झाडावर, आणि खाली यायला तयार नाही. काकांनी हात जोडले, "दादा, धाकटीचं लग्न आम्ही करू." कावळा ढिम्म. थोरला भाऊ म्हणाला, "आईला अंतर देणार नाही." कावळ्यानं मान फिरवली. मग आत्या म्हणाली, "अरे, बांधाचं भांडण मिटवतो म्हणा की एकदा!" तर ते म्हणायला दोन्ही घरांतलं कुणी पुढं येईना. अर्धा तास उन्हात. शेवटी आमच्या एका चुलतभावानं टपरीवरून स्वतःसाठी आणलेल्या भज्यांतलं एक उचलून पिंडाशेजारी ठेवलं. त्याचा हात मागं येतोय तोवर कावळा खाली! डॉक्टरांनी वडिलांची भजी चार वर्षं बंद केली होती हे सगळ्यांना माहीत होतं. आधी कुणीतरी नाकातून फुसकन हसलं, मग भटजींसकट सगळा घाट. घरी येताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती आणि मग एकदम म्हणाली, "कांद्याचं होतं का रे, मिरचीचं?"

आईला कुणी काही बोललं नाही, कारण तिच्याबरोबर सगळेच हसले होते आणि कशाला हसलो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तुम्ही हसलात रात्री, एकट्या, कानांत हेडफोन घालून. आक्कांच्या कानी त्यातलं नुसतं हसणं पडलं. कशाला हसलात, त्याच्याआधी कशाला रडला होतात, त्या माणसाची बायको गेलीय, हे काहीच नाही. दहा महिन्यांत या घरात मोठ्यानं हसण्याचा पहिला आवाज, तोही रात्री, बंद दारापलीकडून. मी त्यांच्या जागी असते तर मीही दचकले असते.

मालिकेबद्दल तुमच्याकडे जी चार तोंडं झाली, तीच जिथं ती बनली त्या देशातही झाली, हे ऐकून बरं वाटेल. जर्व्हेसनं ती स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात टोनीचं, म्हणजे बायको गेलेल्या त्या माणसाचं, कामही केलं. मार्च २०१९ मध्ये पहिला सीझन आला, एप्रिल २०२० मध्ये दुसरा, जानेवारी २०२२ मध्ये तिसरा. तिकडच्या बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. पहिली तक्रार अशी, की शिव्यांच्या शेजारी इतका गोडवा ओतलाय की घशाखाली उतरत नाही. दुसरी अशी, की आजूबाजूची माणसं जणू टोनीला बोलायला मिळावं म्हणूनच जन्माला आलीत. मला दुसरी तक्रार पटते. तिसऱ्या सीझनपर्यंत बाकावरच्या त्याच गप्पा, तेच व्हिडिओ, तेच कब्रस्तान, मी घड्याळ बघायला लागले होते. प्रेक्षकांचं मात्र वेगळंच झालं. अनोळखी लोक रस्त्यात थांबवून आपलं कोण गेलं ते सांगतात, असं खुद्द जर्व्हेसनं मुलाखतींत सांगितलंय. दुसरा सीझन आला तेव्हा तर तिकडे लॉकडाऊन होता, अंत्यविधीला मोजकीच माणसं जाऊ शकत होती. स्वतःच्या माणसाला नीट पोचवता न आलेली माणसं घरात बसून टोनीला कबरीशी बोलताना बघत होती. तिथं कथेत तोचतोचपणा आहे का, हे कोण मोजत बसतंय? शोकही तोचतोच असतो. तुम्हीही ते अकरा सेकंद रोजच ऐकता ना?

आणि तुमची शेजारीण पहिल्याच भागात उठली, तीही बरोबरच. ज्याचं त्याचं. तिला पुन्हा आग्रह करू नका.

तुमच्या मुलीचं म्हणणं मात्र मला इतक्या सहज सोडवत नाही. टोनी ज्याला आपली अचाट शक्ती म्हणतो ती काय आहे बघा: आता मला कशाचंच काही वाटत नाही, तेव्हा काहीही बोलीन, काहीही करीन, फारच अंगाशी आलं तर जीव द्यायचा मार्ग आहेच. त्या जोरावर तो पोस्टमनला टोचून बोलतो, ऑफिसातल्या कॅथला देव-धर्मावरून सोलतो, भाच्याला त्रास देणाऱ्या शाळकरी पोराला हातोड्याची धमकी देतो. आणि गाव काय म्हणतं? 'बिचारा, बायको गेलीय.' हे 'बिचारा' पुरुषाला किती लवकर मिळतं, ते तुमच्या मुलीनं दोन भागांत ओळखलं. आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईनं पोस्टमनला एक वाकडा शब्द बोलून बघावं!

तुमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सुचवणारं परिपत्रक काढलं. मोठीच गोष्ट झाली. पण बांगडी दिसते, म्हणून तिच्यावर ठराव तरी करता येतो. बाईनं कितव्या महिन्यात हसायचं, ते कुठल्या ग्रामसभेपुढं न्यायचं? टोनीला दुःखानं वाटेल ते बोलायची मुभा दिली. तुम्हाला तेवढं नकोच आहे. उशी न दाबता हसता यावं, एवढंच हवंय. त्यामुळे मुलीला सांगा, तुझं टोनीबद्दलचं मत बरोबर आहे, पण मी टोनी व्हायला बघत नव्हते. मी त्या पाच कार्डवाल्याला हसले.

तो माणूस मलाही आवडतो. टोनी ज्या टॅम्बरी गॅझेटमध्ये काम करतो, त्या फुकट वाटायच्या पेपराच्या बातम्या हाच त्या मालिकेतला सगळ्यात उत्तम भाग आहे. टॅम्बरी हे गाव काल्पनिक, पण बातम्या एकदम खऱ्या वाटणाऱ्या. एकाच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागात नट केनेथ ब्राना दिसतो. एकजण नाकपुड्यांनी दोन बासऱ्या वाजवतो. आपल्याकडे बटाट्यात गणपती दिसला की हातात बटाटा धरलेल्या काकांचा फोटो छापून येतो, तसंच. टोनी कडवट तोंडानं तिथं जातो, कारण पगार त्याचाच मिळतो, आणि समोरचा माणूस मात्र आपल्या पाच कार्डांवर इतका खूश, की टोनीच्या दुःखाशी त्याला काही देणंघेणं नाही. मला वाटतं, टोनी वाचतो त्याला ते कबरीवरचं बोलणं जितकं कारण आहे, तितकीच ही कामंही आहेत.

यावर अभ्यासही झालाय. नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये असं मांडलं, की माणूस शोकातून पायऱ्या उतरल्यासारखा सरळ बाहेर येत नाही. तो झोक्यासारखा इकडून तिकडं होत राहतो. कधी गेलेल्या माणसाकडे, तर कधी गॅस संपला, लाइट बिल भरायचं राहिलं, दूधवाला आला याकडे. दोन्हींची गरज असते. तुमचा मुलगा 'डिनायल' म्हणाला, तो शब्द एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ मधल्या पुस्तकातून जगभर गेला. 'डिनायल' म्हणजे नाकारणं, हा त्यातला पहिला धरून पाच टप्पे त्यांनी मांडले होते, ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक म्हणून वापरणं नंतर लोकांनी सुरू केलं. नवरा गेला हे तुम्ही नाकारत नाही आहात. वर्षश्राद्धाला किती महिने राहिले ते तुम्हाला तोंडपाठ आहे. नाकारणाऱ्या बाईचं पत्र असं नसतं.

मग मेसेज ऐकावेत का? ऐका. मात्र दोन गोष्टी बघा. ऐकून झाल्यावर तुम्ही उठून भाजी चिरायला लागता, की तासन् तास तिथंच बसून राहता? आणि ऐकता यावं म्हणून माणसं टाळता का? शोक फार काळ अडकून राहिला तर त्याला आता डॉक्टरांच्या पुस्तकांत वेगळं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या सूचीत त्यासाठी किमान सहा महिने धरलेत, अमेरिकी डॉक्टरांच्या सूचीत मोठ्या माणसांसाठी बारा. तुमचे दहा महिने बरोबर मधे पडतात! महिन्यांपेक्षा त्यांचा भर याच्यावर आहे, की खाणं-पिणं, काम, माणसं हे सगळं ठप्प झालंय का, आणि तुमच्या समाजात जेवढा शोक रीतीला धरून आहे त्याच्याही पलीकडे ते गेलंय का. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. झोपेचं आणि त्या शेवटच्या ओळीचं मात्र डॉक्टरांशी बोला. त्यात हयगय नको.

मेसेजचं आणखी एक, अगदी व्यवहाराचं. तो अकरा सेकंदांचा मेसेज सध्या फक्त तुमच्या मोबाइलमध्ये आहे का? मोबाइल पाण्यात पडला, चोरीला गेला, तर? पुण्याहून मुलगी आली की तिच्याकडून एवढं करून घ्या: तो मेसेज दाबून धरायचा, 'शेअर'वर जाऊन स्वतःच्या ईमेलवर पाठवायचा, शिवाय एका पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवायचा. सगळे मेसेज घ्या, भांडणाचेही. दुसरं, यांचं सिम रिचार्ज न करता पडून असेल, तर काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. मग एक दिवस यांच्या नावासमोर कुठल्या तरी अनोळखी पोराचा गॉगल घातलेला फोटो दिसेल. माझ्या एका मैत्रिणीला तो दिसला आणि तिचे हातपाय गळाले. आधीच माहीत असलं म्हणजे एवढा धक्का बसत नाही. नंबर ठेवायचा असेल तर आजच रिचार्ज मारा.

आता आक्का. तुमच्या पत्रात आक्कांवर मोजकीच वाक्यं आहेत आणि मालिकेवर त्याच्यापेक्षा जास्त. म्हणून विचारते, ती मालिका बघताना मॅटकडे लक्ष गेलं का? टोनीचा मेव्हणा, गॅझेट चालवणारा, जरा बावळट, जरा गोंधळलेला, सारखा टोनीला 'सावर' म्हणणारा. तो टोनीचा साहेब आहे म्हणून आपण त्याच्याकडे साहेब म्हणूनच बघतो. पण टोनीची बायको लिसा त्याची सख्खी बहीण होती. टोनीची बायको गेली त्याच दिवशी मॅटची बहीण गेली. आणि टोनीच्या डोक्यात हे किती उशिरा येतं! मालिकाभर सगळा गाव टोनीचा शोक सांभाळतो. मॅट ऑफिस सांभाळतो, पोरगं सांभाळतो, वर टोनीचं तोंडही सांभाळतो. मला त्या मालिकेत कुणासाठी वाईट वाटलं असेल, तर ते मॅटसाठी.

आक्का तुमच्या घरातल्या मॅट आहेत.

"माझ्या भावाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय." पत्रात तुम्ही हे टोमणा म्हणून लिहिलंय. पुन्हा वाचा. 'तुझ्या नवऱ्याला' असं त्या म्हणाल्या नाहीत, 'माझ्या भावाला' म्हणाल्या. दहा महिन्यांत भेटायला आलेल्या प्रत्येकानं तुमचा हात हातात घेतला असेल. त्यांचा कुणी घेतला? मोठ्या बहिणीनं कडेवर खेळवलेला भाऊ, आणि घरात सांत्वनाची खुर्ची फक्त तुम्हाला. आपल्या रीतींत भावासाठी बहिणीनं किती रडायचं, याला नीटशी जागाच नाही. लग्न झालेल्या बहिणीला तर सुतकसुद्धा भावाच्या घरच्यांपेक्षा कमी दिवसांचं. निपाणीहून त्या तुमच्या सोबतीला आल्या असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, भाऊ ज्या घरात होता त्या घरात राहता यावं, म्हणूनही आल्या असतील.

मी माफी मागा म्हणणार नाही. माफी मागण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही, आणि मागितलीत तर हसणं चूक होतं असं दोघींच्याही मनात कायमचं पक्कं होईल. मालिका त्यांना दाखवायलाही जाऊ नका. त्या शिव्या आक्कांना झेपतील असं मला वाटत नाही, आणि टोनीचं दुःख समजून घ्यायची त्यांना गरजही नाही. त्यांच्याकडे स्वतःचं आहे.

त्या मालिकेतला एक तुकडा मात्र उचलण्यासारखा आहे: बाक. कब्रस्तानात टोनी बसतो त्या बाकावर ॲन नावाची म्हातारी येऊन बसते, तिचा नवराही तिथंच पुरलेला असतो. दोघं समोर बघत बोलतात, एकमेकांकडे फारसं न बघता. तिसरा सीझन आला तेव्हा नेटफ्लिक्सनं तिकडच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या साथीनं ब्रिटनमधल्या गावोगावच्या पालिकांना तसे २५ बाक भेट दिले. हे मला मालिकेपेक्षाही जास्त आवडलं. जाहिरात होती, मान्य, पण बसायला तर मिळालं! तुमच्याकडे रंकाळा आहे. संध्याकाळी कट्ट्यावर आक्कांना घेऊन बसा. समोर पाणी, येणारी-जाणारी माणसं, भेळवाला. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी शेजारी बसल्यावर येतं. पहिल्या दिवशी काही बोलणार नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हीच विचारा, "हे लहानपणी कसे होते हो आक्का?" तुमच्या लग्नाच्या आधीची वीस-पंचवीस वर्षं त्यांच्याकडे आहेत. तुम्ही अकरा सेकंद पुन्हा पुन्हा ऐकताय, आणि शेजारच्या खोलीत एवढा साठा पडून आहे.

रात्रीचं म्हणाल, तर चौथा सीझन शोधू नका, नाहीच आहे. आणि शेवटी टोनी मेला की नाही, यावर मुलांशी वाद घालत असाल, तर तोही सोडून द्या. जत्रेच्या मैदानातून तो, कुत्री आणि लिसा चालत जातात आणि विरून जातात, यावर जगभर लोकांनी इतका काथ्याकूट केलाय, की माझी त्यात भर नको. मला तो शेवट थोडा लाडावलेला वाटला. त्यापेक्षा ती कुत्री, ब्रँडी, लक्षात ठेवा. टोनी जीव द्यायच्या बेतात असताना तिला भूक लागलेली असते, बस. तिला तत्त्वज्ञान माहीत नाही, तिला खायला हवं असतं. तुम्ही कुत्रं पाळा असं म्हणत नाही, या वयात नवीन व्याप नको. पण सकाळी सहाला कुणीतरी तुमची वाट बघत असलं पाहिजे. आक्कांचा चहा सध्या वेगळा होतोय ना? उद्यापासून त्यांच्या आधी उठा आणि दोघींचा एकत्र टाका. न विचारता. त्या घेतील की नाही हा पुढचा प्रश्न. सकाळ व्हायला एक काम लागतं, ते एवढंही चालतं.

आणि मग एखाद्या दिवशी, चहा झाल्यावर, तो दह्याचा मेसेज त्यांना ऐकवा. त्यांच्याकडे भावाचा आवाज आहे का, हे तुम्ही कधी विचारलंय? निपाणीला फोन यायचे ते साधे फोन असणार, ते कुठं साठतात! आधी सांगून ठेवा, की आक्का, आवाज आहे, ऐकणार का? नको म्हणाल्या तर नको. हो म्हणाल्या, तर मोबाइल टेबलावर दोघींच्या मधे ठेवा, हेडफोन काढून. मागं एखादी शिवी ऐकू येत असली, तरी कापू नका.

पंधरा दिवसांत मला चार ओळी टाका. त्या शेवटच्या ओळीचं काय झालं, ते आधी लिहा.